भिंतीपलीकडचा झोपाळा

४ फेब्रुवारी

चि. छोट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तू पाठवलेलं पाऊण मापाचं व्हायोलिन सुखरूप पोचलं. खोक्यात भुसा इतका होता की तुझी भाची आधी भुशातच बसली, व्हायोलिनची आठवण तिला नंतर झाली. गेले आठ दिवस घरातल्या सगळ्यांच्या मोज्यांत भुसा सापडतो आहे. आवाज मात्र सुंदर आहे. तिचं टिटवी हे नाव तूच ठेवलंस, पण आता ते शोभत नाही. पहिल्या वर्षी तिने गज तारेवर ठेवला की शेजारचा कुत्रा पलंगाखाली जायचा. आता तोच कुत्रा आमच्या दाराशी येऊन बसतो.

तुझ्या भाऊजींनी तिच्या सरावाचं वेळापत्रक आखून भिंतीला लावलंय. दिवसभर बसगाड्यांच्या वेळा आखून त्यांचं समाधान होत नाही. त्यात चूक झाल्यास रडण्यासाठी पाच मिनिटं असा वेगळा रकाना आहे. टिटवी ती पाच मिनिटं साठवून ठेवते आणि रविवारी एकदम वापरते.

आता खरं कारण लिहिते. गेल्या मंगळवारी मी दवाखान्यातून घरी आले तर आतल्या खोलीत ती नवीन काहीतरी बसवत होती. मी चपला काढत होते. दोन ओळी ऐकल्या आणि एक चप्पल पायात तशीच राहिली. छोट्या, ती 'झोपाळा' वाजवत होती. तिच्या बाईंनी वर्गाला जुनी रेकॉर्ड ऐकवली, असं व्हायोलिन पुन्हा होणे नाही असं सांगितलं, आणि वीस एप्रिलच्या वार्षिक कार्यक्रमासाठी हीच धून टिटवीला दिली. तिला बिचारीला काही माहीत नाही. आजोबा ती जन्मायच्या आधीच गेले आणि ते गावोगाव फिरत असत, एवढंच मी तिला सांगितलेलं आहे.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. परवा संगीतशाळेचे प्राचार्य दाढ दाखवायला माझ्याकडे आले. गप्पिष्ट माणूस आहे, तोंडात आरसा असला तरी बोलतो. त्यांनी आनंदाने सांगितलं की यंदापासून मुलांच्या व्हायोलिनच्या बक्षिसाला एका थोर वादकाचं नाव द्यायचं ठरलंय. मग त्यांनी नाव घेतलं. माझं आडनाव लग्नानंतर बदललेलं, त्यांना कसं कळणार? वर आपला हात पुढे करून म्हणाले की लहानपणी दोन वर्षं ते स्वतः त्या थोर माणसाकडे शिकत होते, या बोटांवर त्यांचा गज किती वेळा बसलाय त्याची गणती नाही, आणि तीच आपली पदवी. माझ्या हातात ड्रिल होतं. मी त्यांना तोंड उघडं ठेवायला सांगितलं. जरा जोरातच सांगितलं असावं, कारण पुढचा अर्धा तास ते एक शब्द बोलले नाहीत.

मी काय करू ते लिही. फोन करू नकोस. फोनवर मी ओरडते आणि तू ऐकून घेतोस, त्यातून निघत काहीच नाही. वहिनीला आणि तुझ्या त्या डिंकाच्या डब्यांना माझी आठवण सांग.

तुझी,
ताई

---

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. आणि तुझ्या त्या खुर्चीत बसायची वेळ माझ्यावर न येवो, हीही वि.

त्या प्राचार्यांची मला दया आली. तुझ्या हातात ड्रिल असताना तुझ्याशी कुठल्या विषयावर बोलू नये, याची पाटी दवाखान्यात लावायला हवी. तुझं पत्र मी हिला वाचून दाखवलं. मोज्यांतल्या भुशापर्यंत ही हसत होती, पुढे म्हणाली की तुम्ही दोघं भावंडं इतकी वर्षं एकमेकांना पत्रं लिहिताय आणि या एका गोष्टीवर तुमच्यात एक ओळ नाही.

तर आज लिहितो. रागावणार असशील तर आधी पाणी पी.

ताई, बाबांच्या सगळ्या रेकॉर्डी माझ्याकडे आहेत. सगळ्या. वर्कशॉपमध्ये खिडकीजवळच्या फळीवर असतात आणि मी त्या लावतो. व्हायोलिनची घोडी घासताना, खुंट्या बसवताना, तुटलेली मान सांधून सरस वाळायची वाट बघताना. तू आलीस की मी त्यांवर पोतं टाकून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी तू त्याच पोत्यावर पर्स ठेवली होतीस.

तुला वाटेल की याला लाज कशी वाटत नाही. बाबांनी गजाच्या काठीने मोडली ती माझीच करंगळी, आणि ती अजून सरळ होत नाही. व्हायोलिन वाजवायचं राहिलं ते राहिलंच. (वाद्याच्या पोटातला अवघड कोपऱ्यातला सरस पुसायला मात्र तिच्यासारखं हत्यार बाजारात मिळत नाही.) मी नऊ वर्षांचा होतो, एक स्वर चुकलो होतो. हे मी विसरलेलो नाही आणि बाबांना माफही केलेलं नाही. ते माफी मागायला आले नाहीत, त्यामुळे तो प्रश्नच आला नाही.

पण 'झोपाळा' तेव्हाचीच आहे, हे तुला आठवतं का? माझा हात सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये होता आणि भिंतीपलीकडे ते ती धून बांधत होते. एकेक ओळ वीस-वीस वेळा. मी कॉटवर पडून ऐकायचो. एखादी ओळ बदलून त्यांनी नवी घेतली की मी मनात म्हणायचो, मघाची बरी होती. आणि थोड्या वेळाने ते परत मघाचीच घ्यायचे! दुसरी ओळ तेवढी त्यांनी शेवटी नवीच ठेवली. त्या दिवसांत मला तेवढीच सोबत होती. माणूस मला नको होता, पण धून हवी होती. आजही तसंच आहे. याचा अर्थ काय ते मला सांगता येत नाही, मी वाद्यं दुरुस्त करणारा माणूस.

टिटवीला वाजवू दे, असं मला वाटतं. बक्षिसाचं मात्र माझ्याही घशाखाली उतरलेलं नाही.

रागावलीस तरी उत्तर दे.

तुझा,
छोट्या

---

१६ फेब्रुवारी

चि. छोट्यास,

आ. वि. वि.

पाणी प्यायले. उपयोग झाला नाही.

तू सहा आठवडे भिंतीपलीकडची धून ऐकलीस. मी भिंतीच्या अलीकडे होते, तुझ्या कॉटशी. तू कण्हत होतास, पलीकडे ते एकाच ओळीवर अडले होते, आणि सहा आठवड्यांत ते एकदाही दारात येऊन उभे राहिले नाहीत. मला ती धून ऐकू आली की तुझं कण्हणं ऐकू येतं. दोन्ही वेगळं करायचं कसं, ते तू तुझ्या वर्कशॉपमध्ये शिकला असशील.

आणि एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही. ती तू सोडलीस की तुला माहीतच नाही, मला कळत नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं होतं. आई रडत होती, म्हणून त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हे कशाने झालं ते खरं सांग म्हणाले. मी चौदा वर्षांची होते. घरून निघताना वडिलांनी जे सांगितलं होतं तेच मी सांगितलं, की दारात बोट सापडलं. मग शाळेत तुझ्या बाईंना सांगितलं, दार. शेजारच्या काकूंना, दार. इतकं चांगलं सांगितलं की कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्या डॉक्टरांना मी खरं सांगितलं असतं, तर कदाचित कुणीतरी काहीतरी केलं असतं.

त्या माणसाच्या रेकॉर्डींवर पोतं टाकून तू मला बसायला खुर्ची दिलीस, आणि मी हसत चहा प्यायले.

पुढचं पत्र लिहायला मला वेळ लागेल. वहिनीला रागावलेले नाही म्हणून सांग.

ताई

---

१५ मार्च

ती. डिंकमामास,

शि. सा. न. वि. वि. (याचा पूर्ण अर्थ बाबांनी मला सांगितला, पण तो पत्रापेक्षा लांब आहे.)

मी मजेत आहे. तू कसा आहेस? मामी कशी आहे? नवीन व्हायोलिन छान आहे, फक्त सगळ्यात पातळ तारेची खुंटी थंडीत सटकते. मी तिला खडू लावला, बरोबर केलं ना?

मामा, आई हल्ली तुला पत्र लिहीत नाही हे मला कळलंय, कारण टेबलावरचा पाकिटांचा गठ्ठा कमी होत नाहीये. मी मोजून ठेवला होता. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, सेवा तात्पुरती खंडित आहे. बसगाड्यांचं बोलतात तसंच ते सगळ्यांचं बोलतात.

आता तीन प्रश्न. एक, मी 'झोपाळा' वाजवायला लागले की आई स्वयंपाकघरात नळ जोरात सोडते. भांडी नसली तरी सोडते. का? दोन, बाईंनी मला रेकॉर्ड हातात घेऊन बघू दिली, त्यावर वाजवणाऱ्या माणसाचं जे आडनाव आहे तेच तुझ्या वर्कशॉपच्या पाटीवर आहे. आणि तुझ्या पाटीवर तुझ्या नावानंतर जे मधलं नाव आहे, तेच त्या माणसाचं पहिलं नाव आहे. मी दोनदा तपासलं, पाटीचा फोटो आमच्याकडे आहे. म्हणजे तो माणूस तुझे बाबा. म्हणजे माझे आजोबा! हे बरोबर आहे का? तीन, बरोबर असेल तर इतकी भारी गोष्ट मला कुणी सांगितली कशी नाही? माझ्या वर्गातल्या एकीचे काका एकदा रेडिओवर फक्त हवामान बोलले, तर ती वर्षभर सांगत होती.

मी हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. बाईंनाही नाही. पोटात ठेवून ठेवून पोट दुखायला लागलंय. लवकर लिही.

'झोपाळा'त एक जागा अवघड आहे. धून वर वर जाते आणि तिथेच थांबते, आणि मग खाली कशी यायची ते दर वेळी मला नवीन वाटतं. बाकी सगळं येतं.

तुझी उत्तराची वाट बघणारी,
टिटवी

---

२० मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तू थांब म्हणालीस म्हणून महिनाभर थांबलो. आता थांबता येत नाही, कारण आपल्या टिटवीने आडनावांवरून सगळं शोधून काढलंय. तिचं पत्र सोबत पाठवतोय. पोस्टात चोरी केल्यासारखं वाटतंय, पण तिला खरं उत्तर तुझ्या आधी मी देणार नाही. तिला मी फक्त एवढंच कळवलंय की खडूचं बरोबर केलंस, आणि बाकीचं आई सांगेल.

आता तुझ्या पत्राबद्दल. दार मला माहीत होतं, ताई. तू डॉक्टरांशी बोललीस तेव्हा मी पडद्याच्या अलीकडे होतो. तुझा आवाज मला ऐकू येत होता. मला त्या वेळी काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, बरं झालं, ताईला मार बसणार नाही. तू खरं सांगितलं असतंस तर त्याच संध्याकाळी आपण त्याच घरात परत जाणार होतो, हे मला नऊ वर्षांच्या पोरालाही कळत होतं. तू तेहतीस वर्षं हे घेऊन बसली आहेस हे मला माहीत असतं, तर ते पोतं मी केव्हाच काढून फेकलं असतं आणि आपण भांडून घेतलं असतं.

आणखी एक. पुढच्या वर्षी त्यांनी माझ्या हातात पुन्हा व्हायोलिन द्यायचं ठरवलं, तेव्हा दारात कोण उभं राहिलं होतं? पंधरा वर्षांची, दोन वेण्या घातलेली, हातात स्वयंपाकघरातलं लाटणं. ते हसले होते, पण परत गेले. तुला हे आठवत नसेल तर मी लिहून देतो, सही-शिक्क्यासकट.

टिटवीला सांग. कसं सांगायचं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. माझ्या करंगळीबद्दल काही विचारलं तर खुशाल सांग, करंगळीची हरकत नाही.

एक हसण्यासारखी बातमी. वॉर्निशचा डबा काढायला स्टुलावर चढलो आणि डब्यासकट खाली आलो. घोटा सुजलाय, डॉक्टरांनी महिनाभर हिंडायचं नाही म्हणून बजावलंय. म्हणजे वीस एप्रिलला मी येऊ शकत नाही. ही म्हणते की डब्याला काही झालं नाही हे बघून मी आनंदाने ओरडलो, पायाचं नंतर कळलं. खोटं आहे. जवळजवळ.

राग उरला असेल तर तो उत्तरात घाल, पण उत्तर घाल.

तुझा,
छोट्या

---

२ एप्रिल

चि. छोट्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. घोटा उंचावर ठेव, उशी घे. तू ऐकणार नाहीस हे माहीत असल्याने वहिनीला वेगळं लिहिलंय.

लाटण्याचं मी साफ विसरले होते. तुझं पत्र दवाखान्यात वाचलं, दोन पेशंटच्या मधल्या वेळेत. पुढचा पेशंट आत आला आणि डॉक्टरीणबाईंचे डोळे बघून म्हणाला की माझा दात इतका वाईट आहे का. त्याला कसं सांगणार, की बाबा रे, तुझा दात ठणठणीत आहे आणि मीही आता बरी आहे.

परवाच्या नव्हे, त्याआधीच्या रविवारी टिटवीला सांगितलं. तुझ्या भाऊजींनी त्यासाठी वेळापत्रकात जागा करून दिली, वर लिहिलं, आई बोलेल, वेळेची मर्यादा नाही. आम्ही दोघी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या मध्ये बसलो. मी सगळं सांगितलं. रेकॉर्डवरचा माणूस तुझे आजोबा, ते फार मोठे वादक होते हे अगदी खरं, आणि त्यांनी मामाचं बोट मोडलं हेही अगदी खरं. दाराचंही सांगितलं. मी ते नीट सांगणार होते, पण मध्येच माझा आवाज गेला, तेव्हा तिने चादरीचं टोक ओढून माझ्या हातात दिलं, नाक पुसायला. ओली चादर.

 मग तिने विचारलं की मामाला खूप दुखलं का. मी हो म्हणाले. खाली गेली, व्हायोलिन पेटीत ठेवलं, पेटी कपाटावर टाकली. आठ दिवस हात लावला नाही. घरात इतकी शांतता की कुत्रा दोनदा येऊन चौकशी करून गेला. मला वाटलं होतं की ती धून घरातून गेली की मला सुटल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. एक दिवस भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की मी नळ बारीक सोडलाय आणि कान आतल्या खोलीकडे आहेत.

नवव्या दिवशी तिने स्टूल ओढलं आणि पेटी खाली काढली. मी कारण विचारलं नाही, तिनेच सांगितलं. आधी म्हणाली की दुसरी धून शिकायला आता वेळ उरलेला नाही, अठराच दिवस आहेत. मग गजाला राळ घासत, माझ्याकडे न बघता म्हणाली की मामा पलीकडच्या खोलीत पडून ऐकत होता ना, मग मी त्याला ऐकू जाईल असं वाजवीन, आजोबांना जे करायचं ते करू देत.

मी स्वयंपाकघरात गेले. नळ बंद ठेवला.

प्राचार्यांचं बाकी आहे. बक्षिसाची घोषणा कार्यक्रमाच्या शेवटी होणार. त्याआधी त्यांना गाठायचं की नाही, यावर तुझे भाऊजी आणि मी रोज बोलतो आणि रोज ठरत नाही. मला भीती वाटते, छोट्या. सत्तेचाळीस वर्षांची बाई, रोज लोकांचे दात उपटते, आणि तीन शब्द बोलायची भीती वाटते.

तू येणार नाहीस म्हणून टिटवी हिरमुसली आहे. तिला दोन ओळी लिही.

तुझी,
ताई

---

२१ एप्रिल

ती. डिंकमामास,

शि. सा. न. वि. वि. काल कार्यक्रम झाला! तू म्हणाला होतास की सगळं क्रमाने लिही, काही गाळू नको, म्हणून क्रमाने लिहिते.

आधी आई कार्यक्रमाच्या एक तास आधी प्राचार्यांच्या खोलीत गेली. मी आणि बाबा बाहेर बाकावर बसलो. दार बंद होतं. बाबा म्हणाले बावीस मिनिटं. आई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा तापातून उठल्यासारखा होता, पण बरा. प्राचार्य तिच्या मागून आले आणि आपले दोन्ही हात बघत बघत निघून गेले. आईने मला काही सांगितलं नाही, माझी कॉलर सरळ केली. ती आधीच सरळ होती.

माझा नंबर सातवा. माझ्या आधी मोठ्या कानांची एक मुलगी होती, ती इतकं छान वाजवून गेली की मला पळून जावंसं वाटलं. मग मी गेले. सुरुवात चांगली झाली. मी डोळे मिटून तुझ्या कॉटकडे तोंड केलं, म्हणजे मनात. धून वर वर गेली आणि तिथे थांबली. आणि मामा, पुढचं गेलं! सगळं कोरं. मी गज तसाच धरून उभी. बाई पडद्याआडून ओठ हलवत होत्या पण मला ओठ वाचता येत नाहीत.  कुणीतरी खोकलं.

तेवढ्यात कुणीतरी गायला लागलं. शब्द नाहीत, नुसते स्वर, हळू पण स्पष्ट. मला वाटलं बाईच, पण आवाज समोरून येत होता. तिसऱ्या रांगेतून. मामा, ती आई होती! आई गात होती! मला अकरा वर्षांत कळलंच नाही की आईला गाता येतं. ती बसूनच गात होती, पर्स घट्ट धरून, आणि सरळ माझ्याकडे बघत होती. धून वरून खाली कशी येते ते तिने गाऊन दाखवलं आणि मला एकदम आठवलं, आणि मी तिच्या आवाजावर गज ठेवला. थोडा वेळ आम्ही दोघी होतो. मी म्हटलं आता ती थांबेल, पण ती थांबलीच नाही, शेवटपर्यंत बारीक आवाजात गात राहिली. पुढच्या रांगेतल्या बाई वळून बघत होत्या तरी.

मग टाळ्या झाल्या. खूप. बाबांनी घड्याळ लावलं होतं, ते म्हणतात मी फक्त अकरा सेकंद थांबले होते. मला तो एक तास वाटला.

बक्षीस मोठ्या कानांच्या मुलीला मिळालं. बरोबरच आहे. मला उत्तेजनार्थ पेन्सिलींचा डबा. प्राचार्य माइकसमोर उभे राहिले, हातात कागद होता, तो त्यांनी घडी करून खिशात टाकला आणि म्हणाले की हे व्हायोलिनचं बक्षीस. एवढंच. कुणाचं नाव घेतलं नाही. मग कुणालाही न विचारता म्हणाले की आजपासून या शाळेत कुणाच्या बोटांना काही होणार नाही. लोकांना काही समजलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येताना मी आईला विचारलं की तुला सगळी धून येते का. ती म्हणाली की सगळी, आणि जे बदलून टाकलं तेही. मग आम्ही बसमध्ये हळू आवाजात परत म्हटली. बस वेळेवर होती म्हणून बाबा खूश.

तुझा घोटा बरा होऊ दे म्हणजे तू ये, मी तुला समोरासमोर वाजवून दाखवीन. मी अडकले तर आई आहेच.

तुझी,
उत्तेजनार्थ टिटवी

---

२७ एप्रिल

चि. छोट्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. टिटवीचं पत्र तुला मिळालं असेल. तिने ते मला वाचू दिलं नाही, म्हणाली की तुम्ही दोघांनी माझं एक पत्र एकमेकांत फिरवलंत, हे माझं आणि मामाचं. तेव्हा तिने काय लिहिलं ते मला माहीत नाही. मी गायले, एवढं नक्की लिहिलं असणार.

गायले. ठरवून नाही. पोर उभी होती, गज हवेत, आणि चेहरा तुझा होता. अगदी तुझा, नऊ वर्षांचा, स्वर चुकला त्या क्षणीचा. तेव्हा मी दाराआड होते. या वेळी तिसऱ्या रांगेत होते, आणि तोंड आपोआप उघडलं. ओळीमागून ओळ येत गेली. गाताना मला तुझं कण्हणं ऐकू येईल म्हणून मी वाट बघत होते. आलं, पण त्याच्यावर टिटवीचं व्हायोलिन होतं. धून सुंदर आहे रे. इतकी वर्षं मी हे कबूल करायला तयार नव्हते. अशी सुंदर गोष्ट त्या माणसाने केली याचा मला अजूनही राग येतो, आणि येत राहील. धून मात्र वाजू दे.

प्राचार्यांना मी आधी माझं माहेरचं नाव सांगितलं. ते उठून उभे राहिले, हात जोडले, माझ्यासाठी सरबत मागवायला निघाले. मग मी म्हणाले की माझ्या भावाचं बोट दारात सापडलं नव्हतं. बस. तेवढे शब्द बाहेर आले आणि पुढचं सगळं सोपं झालं. मी त्यांना सांगितलं की वडिलांच्या धुना शिकवा, रेकॉर्डी ऐकवा, हव्या तितक्या, त्या चांगल्याच आहेत. पण ज्या बक्षिसासाठी लहान मुलं हात पुढे करणार, त्यावर त्या माणसाचं नाव नको. ते बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत बसले. मग म्हणाले की त्यांना एकदा आठवडाभर पेन धरता आलं नव्हतं, आणि ही गोष्ट ते आजवर लोकांना हसून सांगत आले. या वेळी हसले नाहीत. जाताना मला म्हणाले की दाढेचं तेवढं राहिलंय, तर कधी येऊ. मी म्हणाले केव्हाही या, आता मी हळू करीन.

आता आजची बातमी, जी सांगायला खरं तर हे पत्र काढलं. सकाळी एक निवृत्त पोस्टमास्तर आले होते, कवळीच्या मापासाठी. मी त्यांच्या तोंडात मापाचा गोळा बसवला आणि तो घट्ट होईपर्यंत थांबायचं म्हणून उभी राहिले. तेवढ्यात ते हातवारे करायला लागले. मला वाटलं गुदमरले. घाई करून गोळा काढला. पाणी पिऊन, तोंड पुसून, अगदी गंभीरपणे म्हणाले की डॉक्टरीणबाई, मघापासून तुम्ही जे गुणगुणताय ना, त्याची दुसरी ओळ तुम्ही चुकीची घेताय, मी ती रेकॉर्ड तरुणपणी झिजवलीय. मग खुर्चीत आडव्या पडलेल्या, बिनदातांच्या त्या माणसाने मला ती ओळ म्हणून दाखवली. सगळे स्वर हवेसारखे निसटत होते, पण जागा बरोब्बर होत्या. बाहेर वाट बघणारे तीन पेशंट दारातून डोकावायला लागले. मी त्यांना म्हणाले की आजोबा, तुम्ही म्हणता ती रेकॉर्डवरची ओळ, मी म्हणते ती त्याआधीची, भिंतीपलीकडून ऐकलेली, आणि माझ्या भावाच्या मते तीच बरी होती. ते विचारात पडले. मग म्हणाले, पुन्हा म्हणा बरं. मी पुन्हा म्हणाले. मापाचा गोळा वाया गेला, दुसरा कालवावा लागला, आणि तो घट्ट होईपर्यंत आम्ही दोघांनी दोन्ही ओळी ताडून बघितल्या. त्यांना बोलता येत नव्हतं म्हणून ते फक्त भुवयांनी मत देत होते.

निकाल तुझ्या बाजूने लागला.

वहिनीला आशीर्वाद. घोट्याची चौकशी वेगळी करत नाही, येऊन बघते. पुढल्या रविवारी दुपारच्या बसने आम्ही तिघं निघतोय, तुझे भाऊजी म्हणतात चार वाजून दहा मिनिटांनी पोचू. चहा सव्वाचारला ठेव. लोभ आहेच, तो समोर बसून वाढवू.

तुझी,
ताई